शब्द हुडकण्याचे गणित
(भाषणाचा मजकूर)

नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगाव नावाचे गाव असून तेथील खंडोबाची यात्रा सर्वपरिचित आहे. नाशिक जिल्ह्यात मालेगाव आहे. देवनागरीत दोहोंत एका अक्षराचा फरक. रोमन लिपीत मात्र तोही उरत नाही. उलट, संगणकास 'लोहा' ही अक्षरे शोधण्यास सांगितले, तर धाराशिव जिल्ह्यातील 'लोहारा'ही तो पुढे करतो, कारण ती अक्षरे त्या नावातही ओळीने येतात. यंत्र अर्थ जाणत नाही. ते खुणा जुळवून पाहते.

ही जुळवणी किती वेळ घेते, हा गणिताचा प्रश्न होय. समजा, मजकूर दहा लक्ष खुणांचा आणि शोधावयाचा शब्द दहा खुणांचा आहे. प्रत्येक जागेपासून नव्याने ताडून पाहिल्यास वाईटात वाईट स्थितीत सुमारे एक कोटी तुलना होतात. नूथ, मॉरिस व प्रॅट यांनी 1977 मध्ये प्रसिद्ध केलेल्या रीतीत, जेवढे जुळले होते त्याची स्मृती ठेवली जाते आणि मजकुरात मागे फिरावे लागत नाही. तुलना वीस लक्षांच्या आत आटोपतात. त्याच वर्षीची बॉयर व मूर यांची रीत शब्द शेवटाकडून ताडते आणि पुष्कळदा मजकुराचा बराच भाग न पाहताच ओलांडते. गावातील सर्व खातेदारांची नावे एकाच फेरीत शोधावयाची झाल्यास आहो व कोरासिक यांची 1975 ची रीत उपयोगी पडते. तात्पर्य, हुबेहूब शब्द शोधणे हे संगणकाला जड नाही.

जड आहे ते जवळपासचा शब्द शोधणे. आणि मराठवाड्याचे दप्तर नेमके तेच मागते. 1948 पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. जुन्या नोंदी उर्दूत आहेत, मोडीत आहेत, आणि मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद सहसा पाळला जात नसे. सप्टेंबर 2023 मध्ये शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून कुणबी नोंदींचा शोध हाती घेतला, तेव्हा असे जुने दप्तर उघडावे लागले. अशा कामात एक नोंद निसटली, तर एका कुटुंबाचा पुरावा निसटतो.

एका नावाचे दुसरे नाव करण्यास किती खुणा बदलाव्या, घालाव्या वा गाळाव्या लागतील, ही संख्या म्हणजे त्यांतील अंतर. लेव्हेनश्टाइन यांनी 1965 मध्ये ही कल्पना मांडली. 'मारुती' आणि 'मारोती' यांत अंतर एक. 'ज्ञानोबा' आणि 'ग्यानोबा' यांत दोन. पण 'मारोती' आणि 'मालती' यांतही दोनच! म्हणजे मर्यादा दोनची ठेवली तर बाप्याच्या नोंदीत बाई येते, आणि एकची ठेवली तर ग्यानोबा सुटतो. यावर उपाय असा की, ऱ्हस्वदीर्घ किंवा 'ज्ञ' आणि 'ग्य' यांसारख्या नेहमीच्या फरकांना कमी भार द्यावा. तो भार ठरविण्यास मात्र त्या भागाची बोली जाणणारा माणूसच लागतो.

अंतर मोजण्यासाठी दोन नावांच्या लांबींचा गुणाकार होईल इतकी घरे भरावी लागतात. दहा-दहा खुणांना शंभर. हे काम मूलतः फार जलद करण्याची आशा नाही, असे मानण्यास बॅकर्स व इंडिक यांनी 2015 मध्ये सबळ कारण दिले. त्यांचा निष्कर्ष संगणनशास्त्रातील एका सिद्ध न झालेल्या गृहीतकावर आधारलेला आहे, ही गोष्ट वेगळी. एका जोडीला शंभर घरे म्हणजे काहीच नव्हे. परंतु एक लक्ष नावे परस्परांशी ताडावयाची तर सुमारे पाचशे कोटी जोड्या होतात, आणि घरे पन्नास हजार कोटी! म्हणून आधी गावनिहाय गट पाडून त्या-त्या गटातच ताडणी केली जाते. त्यात काम झपाट्याने कमी होते; पण ज्याची नोंद चुकून 'माळेगाव'ऐवजी 'मालेगाव'खाली पडली, तो आपल्या गटात कधीच सापडत नाही. याकरिता गावांच्या नावांची ताडणी सर्वप्रथम करावी. ती नावे थोडी असतात, आणि तेथे सर्व जोड्या पाहणे परवडते.