प्याला दूर झाला नाही

ख्रिस्तभक्तहो, नामगजर झाला. आता पेटी-मृदंगाला जरा विसावा देऊ.

तुम्ही हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला आला आहात. कोणी पायी, कोणी एस.टी.नं, कोणी टेम्पोत लेकरंबाळं घालून. प्रत्येकाच्या हातात मेणबत्ती, आणि प्रत्येक मेणबत्तीमागे एक मागणं. कुणाला मूल हवं, कुणाच्या मुलाला नोकरी हवी, कुणाच्या घरात दारू शिरलीय ती जायला हवी. ज्यांचं मागणं पुरं झालं ते नवस फेडायला आलेत, त्यांचा आनंद मोठा. पण आजचं निरूपण त्यांच्यासाठी नाही. ज्यांनी दहा-दहा वर्षं मेणबत्ती लावली आणि काहीच झालं नाही, त्यांच्यापाशी मला आज बसायचं आहे. हे पुस्तकातून वाचणारे तुम्ही त्यांतले असाल, तर जरा जवळ सरका.

देव तीन उत्तरं देतो, होय, नाही आणि थांब, असं आपण पोरांना शिकवतो. खोटं नाही ते. पण जेव्हा काहीच ऐकू येत नाही तेव्हा काय? “थांब” एवढं जरी कानावर पडलं असतं तरी माणूस थांबला असता! स्तोत्रसंहिता काढून बघा. कितीतरी स्तोत्रं देवाशी भांडतात, किती वेळ गप्प बसणार म्हणून विचारतात. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी सांत्वनाचा एक शब्द नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे. कोणी काढून टाकलं नाही.

आता संत मोनिकेची कथा. उत्तर आफ्रिकेतली ही बाई. मुलगा ऑगस्टीन फार हुशार, पण आईच्या विश्वासापासून दूर गेलेला. मोनिका रात्रंदिवस त्याच्यासाठी रडायची. इ.स. ३८३ साली त्यानं कार्थेज सोडून रोमला जायचं ठरवलं. आईचा जीव घाबरा झाला. इथं माझ्या डोळ्यांपुढे असून ही गत, परमुलखात गेला तर हातचा जाईल! ती किनाऱ्यापर्यंत त्याच्या मागं गेली. पोरगं खोटं बोललं, मित्राला निरोप द्यायला आलोय म्हणाला. जवळच संत सिप्रियनच्या स्मरणार्थ बांधलेलं छोटं प्रार्थनास्थळ होतं, तिथं तिनं सारी रात्र प्रार्थना केली. मागणं एकच, पोराला जाऊ देऊ नकोस. सकाळी बघते तो गलबत गेलेलं.

प्रार्थना फुकट गेली की नाही? त्या सकाळी तिला विचारलं असतं तर ती “गेली” असंच म्हणाली असती. पण तो रोमहून मिलानला गेला, तिथं बिशप अँब्रोजची प्रवचनं ऐकली, आणि ३८७ च्या ईस्टरला बाप्तिस्मा घेतला. ऑगस्टीन स्वतः पुढं लिहितो की आईनं त्या रात्री जे मागितलं ते देवानं दिलं नाही, कारण ती आयुष्यभर जे मागत होती ते त्याला द्यायचं होतं.

गोड कथा आहे. मी शेकडो वेळा सांगितली, लोकांनी डोळे पुसले. पण माउल्यांनो, मोनिकेचा मुलगा परत आला. जिचा आला नाही तिनं ही कथा ऐकून काय करायचं?

हे मी उगाच विचारत नाही. तिशीत होतो तेव्हाची गोष्ट. गुरुजींच्या हाताखाली शिकून नुकताच एकटा उभा राहू लागलो होतो. अंगात तेज फार, अक्कल कमी. एका गावी कीर्तनाला गेलो, तर तिथल्या एका बाईचा एकुलता मुलगा तापानं गेलेला. महिनाच झाला होता. ती मला म्हणाली, “महाराज, मी एवढी प्रार्थना केली, मग असं का?” आणि मी, हा असा मी, तिला म्हणालो, “बाई, विश्वासात कुठं कमी पडलं ते तपासा.” ती काही बोलली नाही. पदर तोंडाला लावून आत गेली. मी जेवलो, बिदागी घेतली, निघालो.

पुढं पंचवीस वर्षांनी माझं कुटुंब आजारी पडलं. दोन वर्षं डायलिसिस. मी उपास केले, नोव्हेना केल्या, या माउलीपुढं गुडघे टेकले. ती गेली. मातीहून परतलो आणि आमच्यातल्याच एका भल्या माणसानं खांद्यावर हात ठेवून मला तेच वाक्य ऐकवलं. माझंच वाक्य, बरं का! त्या रात्री मला बायको आठवली नाही इतकी ती पदर लावलेली बाई आठवली.

मग मी गेथशेमानेचा प्रसंग पुन्हा उघडला. चाळीस वर्षं आख्यानात गात होतो, वाचला त्या दिवशी. गेथशेमाने म्हणजे तेलाचा घाणा. जैतुनाच्या डोंगराची बाग, वल्हांडणाची पौर्णिमा. पेत्र, याकोब, योहान झोपलेले. आणि प्रभू जमिनीवर पालथा पडून बापाला सांगतोय की शक्य असेल तर हा प्याला माझ्यापासून दूर कर. एकदा नाही, तीनदा. प्याला दूर झाला का? नाही. दुसऱ्या दिवशी क्रूस.

आता सांगा, त्याचा विश्वास कमी पडला का? पुत्राचा? मग त्या बाईला मी कोणत्या तोंडानं ते बोललो?

मत्तयाच्या शुभवर्तमानात बारकाईनं बघा. पहिल्या वेळी तो म्हणतो, शक्य असेल तर टळो. दुसऱ्या वेळी म्हणतो, प्यायल्याशिवाय टळणारच नसेल तर तुझी इच्छा होवो. प्याला तिथंच आहे. मागणारा हलला आहे. आणि लूक सांगतो की स्वर्गातून एक दूत आला. प्याला घेऊन जायला नव्हे हं, त्याला बळ द्यायला.

याहून अवघड जागा पुढं आहे. इब्री लोकांस पत्र, पाचवा अध्याय. तिथं लिहिलंय की त्यानं आक्रोश करून, आसवं गाळून, मरणातून सोडवू शकणाऱ्याला विनवलं आणि त्याचं ऐकलं गेलं. ऐकलं गेलं? जो दुसऱ्या दिवशी मेला त्याचं? मी या ओळीवर किती रात्री काढल्या. मरण टळलं नाही, मरणातून उठवलं गेलं, असं आमचे फादर सांगतात, आणि मी ते मानतो. पण मधला शनिवार विसरू नका. शनिवारी ते ऐकलेलं कुणालाच दिसत नव्हतं, खुद्द त्याच्या आईलासुद्धा नाही. आपल्यातले पुष्कळजण शनिवारात राहतात.

मी त्या गावी परत गेलो. बाई म्हातारी झालेली. ओळखलं तिनं. मी पाया पडू लागलो तर मागं सरली. म्हणाली, “तुम्ही गेल्यावर मी चार वर्षं चर्चमध्ये पाऊल टाकलं नाही.” मी खाली मान घालून बसलो. थोड्या वेळानं विचारलं, “मग आलात कशा?”

“गुड फ्रायडेला आले,” ती म्हणाली. “त्या दिवशी सगळेच रडतात, कोणी काही विचारत नाही.”

मग तिनं चहा टाकला. आम्ही दोघं तिच्या पोराविषयी बोललो, माझ्या कुटुंबाविषयी बोललो. निघताना तिनं मला एक मेणबत्ती दिली, मतमाउलीपुढं लावा म्हणाली. काय मागू म्हणून विचारलं, तर काही मागू नका, नुसती लावा म्हणाली.

ती ही. पेटीवाले, सूर धरा.

बोला, प्रभू येशू ख्रिस्त की जय!