नावेतली दोघं

 

मी याच तालुक्यातली माहेरवाशीण. ह्यांच्या नोकरीपायी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात गेले, त्याला आता 22 वर्षं झाली. केंद्रावरच्या ताई म्हणाल्या, "तिकडचं काही सांगा." म्हणून सप्टेंबरात आम्ही नवराबायकोनं केलेल्या गाडीप्रवासाची गोष्ट सांगते.

मिनेसोटा अगदी उत्तरेला, कॅनडाला लागून. दहा एकरांहून मोठी तळीच तिथं 11,842 आहेत. फार पूर्वी बर्फाच्या प्रचंड थरांनी जमीन खरवडली. बर्फ वितळला आणि खड्ड्यांत पाणी साचलं. सप्टेंबरात हवा गार होते, झाडांची पानं पिवळी-तांबडी व्हायला लागतात.

पहिल्या दिवशी आम्ही डुलुथ गावी पोचलो. तिथं सुपीरियर नावाचं सरोवर आहे. आपल्या महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्शाहून मोठं! पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा समुद्रासारख्या, पण पाणी गोडं.

तिथंच घोटाळा झाला. बॅग उचलताना ह्यांच्या कमरेत उसण भरली. दुसऱ्या दिवशी जवळजवळ अडीचशे किलोमीटर जायचं होतं. माझ्याकडे गाडीचं लायसन 11 वर्षं होतं, पण मी चालवायची ती बाजारापर्यंत. मोठ्या रस्त्याला लागलं की हे म्हणायचे, "राहू दे, मी आहे ना." प्रेमानंच म्हणायचे हो. आणि खरं सांगते, मलाही ते सोयीचं होतं.

त्या सकाळी यांना धड बसवेना. मी किल्ली घेतली. पहिले पन्नास किलोमीटर तळहाताला घाम. शेजारून लाकडाचे ओंडके लादलेले लांबच लांब ट्रक जायचे. हे सारखे, "हळू... हळू गं!" मी म्हटलं, "अहो, तुम्ही आता डोळे मिटा बघू." तासाभरानं बघते तर खरंच झोपले होते! माझ्या भरवशावर हा माणूस प्रवासात पहिल्यांदा झोपला.

दुपारी एका तळ्याकाठी थांबलो. पाण्यात उंच गवत माजलेलं. मी म्हटलं, लव्हाळा असेल. पण तो होता रानतांदूळ! तिथले मूळ रहिवासी ओजिब्वे लोक त्याला 'मनूमिन' म्हणतात. आपल्या भाताचा हा लांबचा भाऊबंद. कुणी पेरत नाही, लावणी नाही. गुडघा-मांडीभर पाण्यात आपसूक उगवतो.

त्याची काढणी बघण्यासारखी. एका अरुंद नावेत दोघं. एक जण उभा राहून लांब काठीनं नाव रेटतो. दुसरा बसून, हातातल्या दोन हलक्या काठ्यांपैकी एकीनं लोंब्या नावेवर वाकवतो आणि दुसरीनं हळूच झोडतो. पिकलेले दाणे नावेत पडतात. काही पाण्यात पडतात, ते पुढच्या सालचं बियाणं. कच्चा दाणा काढायला तिथं कायद्यानंच बंदी आहे. पुढची कामं तर आपलीच: वाळवायचं, कढईत भाजायचं, पायांनी तुडवून तूस काढायचं आणि पाखडायचं. सूप तेवढं भूर्ज झाडाच्या सालीचं.

आम्ही बघत असताना एक जोडपं काठाला आलं. घोटभर पाणी प्याले आणि जागा बदलून पुन्हा निघाले. आता बाई नाव रेटत होती, बाप्या दाणे झोडत होता. हे माझ्याकडे बघून हसले. काही बोलले नाहीत, पण आम्हा दोघांनाही कळलं.

संध्याकाळी इटास्का तळ्यावर पोचलो. मिसिसिपी ही मोठी नदी इथं उगम पावते आणि 3,700 किलोमीटर वाहत समुद्राला मिळते. पण उगमाशी ती ओढ्याएवढीच! लोक दगडांवर पाय ठेवत ओलांडतात. यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही सावकाश पार झालो.

मैत्रिणींनो, ह्यांची कमर चार दिवसांत बरी झाली. पण आता लांबच्या वाटेला आम्ही निम्मं-निम्मं चालवतो. आणि खरं सांगू? तेव्हापासून ह्यांनाही भाकरी थापता येते. अजून नकाशासारखी होते, पण फुगते!

"मी आहे ना" हा शब्द गोड असतो. पण तो ऐकता ऐकता आपले हात काम विसरतात, आणि अडचण काही सांगून येत नाही. म्हणून पुढच्या बैठकीत एकमेकींना एवढंच विचारा: घरातलं असं कोणतं काम आहे, जे फक्त एकालाच येतं? विहिरीची मोटर चालू करणं असेल, बँकेचा व्यवहार असेल, सोसायटीचं कर्ज किती ते माहीत असणं असेल. त्यातलं एक काम या महिन्यात शिका. आणि आपलं एक काम घरच्या माणसाला शिकवा.

नाव दोघांची आहे. जागा अधूनमधून बदलत राहू या. येते मी. रामराम!