कार्ड मोठ्या आजाराला, तापाला काय?
(मेळाव्यातील भाषण)



जमिनीच्या मेळाव्यात दवाखान्याची गोष्ट कशाला, असं कोणी म्हणेल. पण पट्ट्यासाठी एवढं लढायचं आणि आजारपणात तेच शेत सावकाराकडं गहाण, हे कुठवर?

नोव्हेंबर २०१३ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना सगळ्या राज्यात आली. तेव्हा पिवळ्या-केशरी रेशनकार्डावर कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत इलाज होता. चांगलंच झालं. पण तो तेव्हा ९७१ ठरलेल्या उपचारांना होता, तोही यादीतल्या दवाखान्यात. आपला माणूस हृदयाच्या ऑपरेशनआधी तापानं, हगवणीनं झिजतो. त्याची गोळी, जीपभाडं, बुडालेली मजुरी कार्डात बसत नाही. पैसा मोठ्या दवाखान्यांकडं चाललाय, इकडं उपकेंद्राला कुलूप.

आदिवासी भागात ३,००० लोकांमागं उपकेंद्र, २०,००० मागं प्राथमिक आरोग्य केंद्र, हा सरकारचाच नियम. ते वेळेवर उघडलं तर बराच खर्च तिथंच थांबेल. गाव आरोग्य समितीला दरवर्षी पैसे येतात, ते कुठं गेले विचारा. असल्या संस्थांवर, कर्मचाऱ्यांवर देखरेखीचा अधिकार १९९६ च्या पेसा कायद्यात ग्रामसभेला आहे. पुढच्या सभेला नर्सबाईंना बोलवा, औषधांचा साठा वाचून दाखवायला सांगा. आणि त्या दिवशी बाया पुढं बसतील, मागं नाही.