गोळीचें नांव



पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत एका साच्यांतून निघालेल्या दहा मूर्ति ओळीनें उभ्या असतात. एकीचें पीतांबर पिवळें, दुसरीचें तांबडें. रंग निराळा म्हणून कोणी देव निराळा मानीत नाहीं. औषधाच्या गोळीविषयीं मात्र आम्हां वृद्धांची बुद्धि इतकी सरळ चालत नाहीं, आणि त्याचें फळ मीं घरांतच भोगलें आहे.

माझ्या कुटुंबास रक्तदाबासाठीं अम्लोडिपिनची गोळी चालू होती. पाकिटावर कंपनीनें ठेवलेलें नांव ठळक, मूळ नांव बारीक. निवृत्तिवेतनांत खर्च भागेना, म्हणून रोह्यास मुलीकडे गेलों असतां मूळ नांवाचें स्वस्त औषध, ज्यास आज जेनेरिक म्हणतात, तें घेऊन आलों. जुनी गोळी गुलाबी, नवी पांढरी. ही तिच्याऐवजीं घ्यावयाची, हें दुकानदारानें सांगितलें नाहीं, मींहि विचारलें नाहीं. तिनें नवी सकाळीं व घरांत उरलेली जुनी रात्रीं घेण्यास आरंभ केला! पंधरवड्यांत पाय सुजले, चक्कर येऊं लागली, आणि एके पहाटे ती मोरीच्या उंबऱ्यापाशीं पडली. हाड मोडलें नाहीं, एवढेंच नशीब. डॉक्टरांनीं दोन्ही पाकिटें शेजारीं ठेवून बारीक अक्षरें वाचून दाखविलीं. पस्तीस वर्षें मुलांना वाचावयास शिकविणारा मी. पण पाकीट वाचलें नव्हतें.

आळींत निकाल लागला कीं, 'स्वस्त औषध बाधलें.' हा निकाल मला मान्य नाहीं. बाधलें तें दुप्पट प्रमाण. अशा औषधाच्या किंमतींत मूळ संशोधनाचा व जाहिरातीचा भार नसतो, म्हणून तें स्वस्त. सरकारच्या जनौषधि दुकानांचा आरंभ २००८ सालीं अमृतसर येथें झाला, तो याच विचारानें. पाण्यांत सहज न विरघळणारें औषध मूळ औषधाइतकेंच रक्तांत पोंचतें हें उत्पादकानें सिद्ध करावें, असा नियमहि २०१७ सालीं झाला.

तथापि कांहीं औषधांच्या बाबतींत जपावें लागतें. थायरॉईडचें लिव्होथायरॉक्सिन, रक्त गोठूं न देणारें वॉरफॅरिन, अपस्मारावरील फेनिटॉइन यांत थोडेंसें अधिकउणें झालें तरी शरीरास तें जाणवतें. तेथें बनावट वारंवार पालटूं नये. पालटल्यास डॉक्टरांना कळवून रक्त पुन्हां तपासून घ्यावें. दुसरी गोष्ट अगदीं साधी आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रोग्यांची पाहणी अमेरिकेंत झाली, तींत गोळीचा रंग किंवा आकार बदलल्यावर औषध सोडून देणारे अधिक आढळले. आमच्या घरीं सोडण्याऐवजीं दुप्पट झालें, इतकाच फरक!

आतां उरलेलीं जुनीं पाकिटें घरांतून काढून टाकलीं आहेत. खडूंच्या एका जुन्या पेटीवर मीं 'अम्लोडिपिन, सकाळीं एक' असें फळ्यावरच्या अक्षरांत लिहिलें आहे. मागल्या महिन्यांत गोळी पुन्हां रंग बदलून आली. तेव्हां तोंडांत घालण्यापूर्वीं तिनें पाकिटावरचें नांव मजकडून दोनदां वाचवून घेतलें.