फक्त १० सेकंद
(रत्नागिरी येथील युवा शिबिरातील भाषण)

हृदय बंद पडलेल्या रुग्णाची सोनोग्राफी कशाला, असं मला विचारतात. छाती दाबताना नाडी बघायला आम्ही थांबतो, जास्तीत जास्त १० सेकंद. तेवढ्यात प्रोब ठेवून बघतो: हृदय हलतंय का? भोवतीच्या पिशवीत रक्त साचलंय का? साचलं असेल तर सुईनं काढता येतं. पण चित्र स्पष्ट दिसावं म्हणून अकरावा सेकंद घ्यायचा नाही. तेवढा वेळ मेंदूला रक्त मिळत नाही. यंत्र कारण दाखवतं, जीव हातच धरून ठेवतात.

मोहल्ल्यात, वाडीत ते पहिले हात तुमचे असतील. १०८ला फोन करा, मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती दाबा. समोर परकी बाई किंवा परका पुरुष आहे म्हणून थांबू नका.

सरावाचा पुतळा समोर ठेवलाय. मुलींनी आधी या.