जुने लेथ घ्यावे ते मोजून

वर्धा जिल्ह्यातला देवळी तालुका कापसाचा, तुरीचा आणि सोयाबीनचा. इथल्या शेतीत आता ट्रॅक्टर, रोटावेटर, फवारणीचे पंप आणि विहिरीवरच्या मोटारी आहेत. या यंत्रांचे जे झिजते ते बहुधा गोल असते: शाफ्ट, बुश, पिन, पुली. आणि गोल वस्तू नेमक्या मापात उतरवण्याचे काम लेथचे. म्हणून घरच्या छोट्या वर्कशॉपसाठी एखादे जुने लेथ घ्यावे, असा विचार अनेक कारागिरांच्या आणि आयटीआय झालेल्या तरुणांच्या मनात असतो. पण सौदा करताना नजर जाते ती रंगावर, कंपनीच्या पाटीवर आणि किमतीवर. माझे म्हणणे असे की जुन्या लेथचा निकाल मोजमापाने लावावा. घ्यायचे की सोडायचे हेही मापाने ठरवावे, आणि घेतल्यावर दुरुस्ती किती करायची हेही मापानेच.

पहिला आक्षेप असा येतो की बाजारात टेबलावर मावणारी नवी लेथ मिळत असताना जुन्याच्या मागे लागावेच कशाला? याचे उत्तर वजनात आहे. पोलाद कापताना टूलवर मोठा जोर येतो. तो सोसणारा बेड, म्हणजे लेथचा पाया, हलका असेल तर तो लवतो, टूल थरथरते आणि जॉबवर लाटा उमटतात. मग कट अगदी बारीक घ्यावा लागतो आणि पंपाच्या शाफ्टसारखे काम रेंगाळते. कर्नाटकातल्या हरिहरला १९४१ साली म्हैसूर किर्लोस्कर उभी राहिली, स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये बंगळूरला हिंदुस्थान मशीन टूल्स स्थापन झाली. अशा कारखान्यांतून निघालेल्या लेथमध्ये बिडाच्या ओतकामाची कंजुषी नव्हती. कित्येक शे किलोंचे हे ओतकाम दहा-वीस वर्षांत संपत नाही. संपतात ती त्याच्यावर सरकणारी आणि फिरणारी पृष्ठे. हरिहरचा कारखाना बंद पडला, तरी त्याची मशीने आजही वर्कशॉपांतून चालतात. नवे भारी लेथ लाखांत जाते. त्यामुळे घरगुती वर्कशॉपला परवडणारा भक्कम बेड बहुतेकदा जुनाच असतो.

आता या बेडची झीज कशी ओळखायची ते पाहू. बहुतेक जॉब आखूड असतात, त्यामुळे टूल धरून बेडवर सरकणारे कॅरेज वर्षानुवर्षे जॉब पकडणाऱ्या चकच्या जवळच मागेपुढे होते आणि बेडही तिथेच खातो. चकजवळ कॅरेजची पकड किंचित आवळावी आणि कॅरेज दुसऱ्या टोकाच्या टेलस्टॉककडे सरकवावे. वाटेत ते जड होऊन अडले तर चकजवळची झीज खरी. पण नुसती झीज दिसली म्हणून मशीन नाकारणे चुकीचे, कारण झिजेची दिशा महत्त्वाची असते. समजा ५० मिलिमीटर व्यासाचा जॉब आहे आणि टूल सरळ खाली ०.१ मिलिमीटर उतरले. हिशेब केला तर व्यासात पडणारा फरक ०.००१ मिलिमीटरपेक्षाही कमी येतो. तेच टूल आडवे, म्हणजे जॉबपासून बाजूला, ०.१ मिलिमीटर सरकले तर व्यास ०.२ मिलिमीटरने चुकतो. म्हणजे खरे नुकसान करते ती टूलला बाजूला ढकलणारी झीज. बेडची पुढची पट्टी मागच्या पट्टीपेक्षा जास्त झिजली की कॅरेज कारागिराकडे कलते, टूल जॉबपासून दूर जाते आणि चकजवळ जॉब जाड राहतो. खरेदीला जाताना डायल गेज, मायक्रोमीटर आणि चांगली लेव्हल सोबत न्यावी ती यासाठी.

लेव्हल कशाला, असे कुणी विचारील. लेथ असमान जमिनीवर ठेवले की एवढा जाड बेडही थोडा पिळतो, आणि पिळलेला बेड झिजलेल्या बेडसारखीच लक्षणे दाखवतो. चकमध्ये जाड सळई धरावी, टेलस्टॉकचा आधार देऊ नये. सळईवर अंतर सोडून दोन कडी ठेवावीत, टूलची खोली न बदलता दोन्हींवरून बारीक कट घ्यावा आणि मायक्रोमीटरने व्यास ताडून पाहावे. फरक आला तर पायांखालचे बोल्ट फिरवून बेड लेव्हलमध्ये आणावा आणि पुन्हा मोजावे. 'टेपर कापते' म्हणून भंगारात चाललेल्या मशीनचा दोष कधीकधी एवढ्यानेच जातो. लेव्हल साधूनही टेपर राहिला तर मग स्पिंडल धरणाऱ्या हेडस्टॉकची रेघ आणि बेडची झीज तपासावी. स्पिंडलची परीक्षा वेगळी: डायल लावून चकखाली दांड्याने उचल द्यावी आणि काटा किती हलतो ते पाहावे. बेअरिंग घट्ट करूनही खेळ जात नसेल, तर नव्या बेअरिंगची किंमत सौद्यातून वजा करावी.

बेड आणि स्पिंडल ही जमीन आहे, बाकीचे त्यावरचे पीक. क्रॉस स्लाइडचा नट झिजला तर गनमेटलचा नवा करता येतो, जिब आवळता येते, चक बदलता येतो. बऱ्याच जुन्या मशीनचा लीड स्क्रू, म्हणजे आटे पाडताना कॅरेज ओढणारा स्क्रू, इंचात असतो, म्हणून मिलिमीटरचे आटे पडणार नाहीत, ही भीतीही अनाठायी आहे. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्याची पाचपट १२७. म्हणून चेंज गियरमध्ये १२७ दातांचे चाक असले की अचूक मेट्रिक आटे पडतात. घरात थ्री-फेज नसेल तर छोटी सिंगल-फेज मोटर बसते. उलट बेड सरसकट ग्राइंड करून घेण्याचा सल्ला सावधपणे ऐकावा. बेड घासला की कॅरेज खाली बसते, लीड स्क्रू आणि हाफ नट यांची रेघ मोडते आणि ती जुळवण्याचे नवे काम उभे राहते. मोजून गरज ठरली तरच तो खर्च करावा. आणीबाणीचे स्टॉप बटण, पट्ट्यावर झाकण आणि चांगले अर्थिंग मात्र वैकल्पिक नाहीत. चालत्या चकजवळ हातमोजे आणि सैल बाह्या नकोत. मशीन सुरू करण्याआधी चकची किल्ली चकमधून काढलीच पाहिजे.

शेवटचा आक्षेप काळाचा: सीएनसीच्या दिवसांत हा खटाटोप मागासलेला नाही का? हजार सारखे नग करायचे असतील तर सीएनसीला तोड नाही. पण गावच्या दुरुस्तीत प्रत्येक नग वेगळा आणि एकुलता असतो. तिथे हाताने चालवलेले लेथ लगेच कामाला लागते. यंत्राची पारख कशी करावी याचा एक धडा खादीच्या चळवळीनेच दिला आहे. १९२९ मध्ये अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अटींमध्ये वेगाइतकेच टिकाऊपणाला आणि दुरुस्तीचा खर्च मर्यादित असण्याला महत्त्व होते. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगांची जी परंपरा वाढली, तीही याच विचाराची: ज्या यंत्राची दुरुस्ती गावात होते ते यंत्र गावाचे. पुलगाव, देवळी, वर्धा या पट्ट्यातल्या तरुणाने जुने लेथ मोजून घेतले आणि मोजून सुधारले, तर यंत्रासोबत दोष शोधण्याची शिस्तही त्याच्या हाती येते. पुढे तीच शिस्त प्रत्येक पंपाच्या आणि गियरबॉक्सच्या दुरुस्तीत कामाला येते. म्हणून सौद्याच्या दिवशी आधी डायल गेज लावा आणि भाव त्यानंतरच बोला.