ढाका हिमनदीवरून परतलेले जवान



सुवर्णमहोत्सवी व्यासपीठावरून आनंदाचे चार शब्द बोलावेत, असा संकेत आहे. तो मोडल्याबद्दल आम्हांला क्षमा असावी. आज आम्ही एका विमानाची आणि त्यातील माणसांना शोधीत राहिलेल्या सैनिकांची हकीकत सांगणार आहोत. ते विमान आपल्या याच चंदीगडहून उडाले होते, आणि या सभागृहात सैन्यातील पेन्शनर मंडळी बरीच आहेत, एवढे कारण पुरेसे व्हावे.

सन १९६८, फेब्रुवारीची ७ तारीख. वायुदलाचे ए.एन.-१२ जातीचे विमान १०२ जणांना घेऊन लेहकडे निघाले. लेहच्या जवळपास हवा बिघडली म्हणून वैमानिकाने विमान माघारी वळविले, आणि रोहतांगच्या आसपास बिनतारी संपर्क तुटला. पुढे काहीच कळले नाही. घरोघरी तार गेली ती ‘बेपत्ता’ एवढ्याच शब्दाची.

या शब्दाचा जाच ज्यांनी भोगला त्यांनाच ठाऊक. कायदा सात वर्षे थांबून मृत्यू गृहीत धरतो. आपल्या धर्मशास्त्राने बारा वर्षांनी पालाशविधी सांगितला; पळसाचा पुतळा करून अग्नी द्यावयाचा. पण तिथी कोणती धरावयाची? आमच्या आजोळी पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियास गेलेल्या एका काकाआजोबांचे पान सर्वपित्री अमावास्येला वाढले जाई. आजी पानापुढे हात जोडी, आणि मग उंबऱ्याकडे पाही. ती का पाहते, हे विचारण्याचे आम्हां मुलांना कधी धैर्य झाले नाही.

ते विमान ३५ वर्षांनी सापडले, तेही योगायोगाने. सन २००३ मध्ये मनालीच्या गिर्यारोहण संस्थेची तुकडी लाहौलमधील चंद्रभागा-१३ या शिखराकडे गेली असता ढाका हिमनदीवर तिला विमानाचे अवशेष आणि शिपाई बेली राम यांचा देह आढळला. (नाव ऐकून बांगलादेशाची राजधानी आठवेल, तिचा येथे काही संबंध नाही.) तेव्हापासून सैन्याने, विशेषतः डोगरा स्काउट्सच्या जवानांनी, तेथे मोहिमांमागून मोहिमा नेल्या.

ही कामगिरी कशी असते? वर्षातील फार थोडे आठवडे तेथे पाय ठेवता येतो. खडे उतार, बर्फातील भेगा, विरळ हवा. त्यातही हिमनदी स्थिर नसते. ती वर पडलेली वस्तू पोटात घेऊन इंचाइंचाने खाली सरकते आणि कित्येक वर्षांनी भलतीकडेच बाहेर टाकते. गतवर्षीचा नकाशा यंदा उपयोगी पडेलच असे नाही. सन २०१३ मध्ये हवालदार जगमैल सिंग सापडले, तेव्हा त्यांच्यापाशी ओळखपट्टी, विम्याचा कागद आणि घरून आलेले एक पत्र होते. पंचेचाळीस वर्षे बर्फात राहिलेले ते पत्र! घरापासून दूर राहणाऱ्या आपणांस त्याचे मोल निराळे सांगावयास नको. सन २०१९ च्या मोहिमेत सुमारे ५,२४० मीटर उंचीवर इंजिन, पंखा, वैमानिककक्षाचे दार असे विमानाचे भाग व प्रवाशांच्या चीजवस्तू मिळाल्या. माणसे मात्र बोटांवर मोजण्याइतकीच हाती आली होती.

त्यानंतर सन २०२४ च्या सप्टेंबरअखेरीस डोगरा स्काउट्स आणि तिरंगा माउंटन रेस्क्यू यांच्या तुकडीला एकदम चार देह मिळाले. शोधणाऱ्यांपैकी बहुतेकांचा १९६८ मध्ये जन्मही झाला नसावा. ज्यांना पाहिले नाही, ज्यांच्याशी ना नात्याचे ना गावाचे काही, त्यांच्यासाठी हे लोक जीव धोक्यात घालतात. आम्हांला कोणी विचारतात की, मेलेल्यांसाठी जिवंतांना असे का पाठवावे? प्रश्न अगदीच खोटा नाही. परंतु उद्या आपणही राहिलो तर आपला शोध थांबणार नाही, हा भरवसा नसता तर लेहच्या विमानात शिपाई कोणत्या बळावर चढला असता?

त्या चौघांपैकी तिघांची ओळख त्यांच्याजवळील कागदांवरून पटली : सहारनपूरचे मलखान सिंग, उत्तराखंडचे नारायण सिंग आणि केरळातील एलंतूरचे थॉमस चेरियन. तेव्हा पितृपंधरवडा चालू होता; दोन ऑक्टोबरला सर्वपित्री अमावास्या होती. मलखान सिंगांना त्यांच्या नातवाने अग्नी दिला. नारायण सिंगांची वाट पाहणारी पत्नी आधीच निवर्तली होती. थॉमस विमानात चढले तेव्हा बावीस वर्षांचे होते. लेहला ते पहिल्याच नेमणुकीवर निघाले होते. आईवडील राहिले नव्हते. वृद्ध झालेल्या भावंडांनी त्यांना उतरवून घेतले आणि चार ऑक्टोबरला गावच्या चर्चच्या दफनभूमीत माती दिली.